बोटाला वळसा घालून गेलेली सही

२०२१ साल होतं आणि मी अडुसष्ट वर्षांचा होतो. माझ्या हातात आलेला एकही तंटा अर्धवट सुटला नाही, असं तेव्हा मी चारचौघांत छाती पुढं काढून सांगायचो.

माझी शाळा चौथीपर्यंत. महाळुंग्यातली आमची जमीन कंपन्यांत गेली, तेव्हा मी गोडाऊनवर हमालांची टोळी धरली आणि वीस वर्षं तिचा मुकादम राहिलो. मुकादमाचं काम म्हणजे नुसते गडी मोजणं नव्हे. ट्रक आला की माल उतरून घ्यायचा, चलनावर सही मारायची आणि ड्रायव्हरला वाटेला लावायचं. सही झाली की विषय संपला. मग खोक्यात माल फुटका निघो नाहीतर कमी भरो, ड्रायव्हर मागं वळून बघत नाही. ह्या एका रीतीवर माझी सगळी अक्कल उभी होती.

टोळीतल्या गड्यांची भांडणं मी मिटवायचो, म्हणून हळूहळू त्यांच्या घरातली पण माझ्याकडे यायला लागली. एखाद्या नवरा-बायकोचं पटेनासं झालं की दोन्हीकडची पाच माणसं बसवायची, चहा सांगायचा आणि जेवायच्या आत तोड काढायची. मग चाकणला टायपिंगवाल्याकडून स्टँपपेपरवर मजकूर मारून घ्यायचा, नोटरीचा लाल शिक्का, पंचांच्या सह्या. आम्ही त्याला सोडचिठ्ठी म्हणायचो. बाई तिच्या वाटेनं, बाप्या त्याच्या वाटेनं. असे सात कागद मी केले. सातांची झेरॉक्स माझ्या पत्र्याच्या ट्रंकेत होती. लोक म्हणायचे, कोर्टात चपला झिजवण्यापरीस मुकादमाकडं चला. मला ते ऐकायला फार गोड लागायचं.

आठवा कागद माझ्याच मुलीचा.

ती ताथवड्याला दिलेली. जावई कंपनीत फोर्कलिफ्ट चालवायचा आणि विहीणबाई कॉलेजच्या पोरांची खानावळ चालवायच्या. जावयाचा हात सुटायचा. पहिल्या दोन वेळा मी मुलीला समजूत घालून परत पाठवली. तिसऱ्या वेळी ती गाल ओढणीत झाकून आली, कडेवर चार वर्षांची लेक. आठ दिवसांनी जावई आला, "आईला नात बघायचीय, दोन दिवसांत आणून सोडतो" म्हणाला आणि पोरीला घेऊन गेला. परत काही आणली नाही.

मुलगी म्हणाली, "अण्णा, पोलिसात जाऊ. नायतर कोर्टात जाऊ."

"आपल्या घरातली बाई कोर्टाच्या पायरीवर बसायची न्हाई," मी म्हणालो. "मी हाय ना."

रविवारी बैठक ठेवली. मी भाड्याच्या खोल्या बांधल्यात, त्यांच्या खालच्या पार्किंगमध्ये. भाडेकरूंच्या मोटरसायकली बाहेर काढल्या आणि सतरंज्या टाकल्या. माणसं जमत होती तेवढ्यात मुलीनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. ओट्याला टेकून उभी होती.

"अण्णा, मला भांडी नकोत, दागिने नकोत. फक्त पोरीला माझ्याकडं लिहा. एवढं एकच करा."

"बघतो," मी म्हणालो.

मी काय बघितलं ते आता लिहितो. लेकुरवाळीचं दुसरं लग्न जमत नाही, हे मी बघितलं. पोर आपल्याकडे ठेवली तर तिच्या खर्चासाठी त्या लोकांच्या तोंडाकडे बघावं लागेल, हे बघितलं. आणि सगळ्यात मोठं, समोर बसलेल्या माणसांत आपण कसे दिसू, हे बघितलं. माझी नात रोज कुणाच्या कुशीत झोपते, एवढं सोडून मी सगळं बघितलं.

जावयाच्या चुलत्यानं विचारलं, "मुकादम, पोरीचं काय करायचं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी पाठ ताठ केली. "तुमचं रगत हाय, तुमी सांभाळा. आन आमाला तुमची पोटगी-बिटगी काय नको. माझी लेक मला जड न्हाई."

"ह्याला म्हणत्यात बापमाणूस!" माझा जुना सोबती, दुसऱ्या टोळीचा मुकादम, मांडीवर थाप मारून म्हणाला. बाकीच्यांनी माना हलवल्या. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं. आतून काचेचा ग्लास फुटल्याचा आवाज आला, तो मी ऐकून न ऐकल्यासारखा केला.

दुसऱ्या दिवशी चाकणला टायपिंगवाल्याच्या टेबलाशी कागद तयार झाला. माझी मुलगी बारावी झालेली. ती कागद वाचायला लागली. मला आठवतं, वरच्या ओळी भराभर वाचल्या आणि मध्ये एका जागी थांबली. "मुलीचा ताबा राजीखुशीने वडिलांकडे दिला असून पुढे कधीही मागणार नाही," असं तिथं होतं. ती वर बघेना, खाली बघेना. मागं विहीणबाई, जावई, पंच, सगळे ताटकळलेले. मी पुढं झालो आणि सहीच्या जागेवर माझं बोट ठेवलं.

"हितं. वाचत बस मागनं. माणसं खोळंबली."

बोट मी काढलं नाही. तिनं सही केली. पेन माझ्या बोटाला अडलं, कडेकडेनं वर चढलं आणि बोटाला वळसा घालून पलीकडे उतरलं. माझ्या नखाच्या कडेला निळी रेघ ओढली गेली. दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना मी ती दगडानं घासून काढली.

सहा महिन्यांनी मुलगी मला न सांगता ताथवड्याला गेली. तोवर ती चाकणच्या एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर कामाला लागली होती. साप्ताहिक सुट्टी होती, दोन बस बदलून गेली. पोरीसाठी चालताना लुकलुकणारे बूट घेतले होते. विहीणबाईंनी दारातच उभी केली आणि आत जाऊन त्या कागदाची त्यांच्याकडची प्रत आणली. त्यांनी त्या प्रतीला लॅमिनेशन करून घेतलं होतं. "तुझ्या बापानं करून दिलाय हा. वाच," म्हणाल्या. आतून पोरीचा आवाज येत होता, तो ऐकून मुलगी परत आली. बूटही परत आले.

घरी आल्यावर मी तिला काय म्हणायला पाहिजे होतं? मी म्हणालो, "कागद झालाय. सही तुझी हाय. आता कुणाच्या बापाला त्यात फरक करता यायचा न्हाई. परत त्या दारात गेलीस तर लोक म्हणतील, मुकादमाच्या घरात शब्दाला किंमत न्हाई."

"लांबनं तरी बघते, अण्णा. शाळेच्या गेटवरनं."

"लांबनं बी न्हाई."

माझी बायको भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. मी तिच्याकडे बघितलं तसे परत सुरू झाले. त्यानंतर मुलगी गेली नाही. तीन वर्षं गेली नाही. शिफ्टला जायची, यायची, पगार आईच्या हातात द्यायची. माझ्याशी जेवणाखाण्यापुरतं बोलायची. मला वाटायचं, विसरली. पोर अशी विसरता येते, असं मला खरंच वाटायचं.

२०२४ साली एका सकाळी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "अण्णा, तो कागद द्या."

"कशाला?"

"खेडच्या कोर्टात बायांना फुकट वकील देतात. आमच्या लाइनवरच्या एकीचं काम झालं. कागद घेऊन बोलावलंय."

मला हसू आलं. "मागितला म्हणून कसा देईन? मीच येतो संगं. दाखवतो तुझ्या वकीलबाईला, कागद कसा पक्का हाय ते."

त्या दिवशी मी इस्त्रीची टोपी घातली. अस्सल कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातला आणि एसटीत तो मांडीवर उभा धरून बसलो, मोडू नये म्हणून. मुलगी खिडकीतून बाहेर बघत होती. चाकणच्या चौकात कंटेनरांच्या रांगेत गाडी अर्धा तास अडकली, तर मी शेजारच्या माणसाला सांगत बसलो की मी कोर्टाच्या कामाला चाललोय आणि ही असली कामं मी जेवायच्या आत उरकतो.

वकीलबाई माझ्या मुलीपेक्षा लहान. कोर्टाच्या आवारातल्या एका खोलीत टेबलाशी डब्यातले पोहे खात होती. आम्हाला बघून तिनं डबा झाकला. "खावा खावा, आमची काय घाई न्हाई," मी मोठेपणानं म्हणालो आणि फोल्डर तिच्यासमोर सरकवला.

तिनं तो वरपासून खालपर्यंत वाचला. मग सहीवर थांबली. "ही सही अशी वाकडी का आहे?"

मी म्हणालो, "वाकडी असू द्या, हाय तिचीच."

"बाबा, हा कागद कोणी केला?"

"म्या. आजवर आठ केले."

"ह्यानं घटस्फोट होत नाही."

मला वाटलं बाई नवीन असेल. मी उठून उभा राहिलो आणि कागदावर बोट ठेवून दाखवायला लागलो. "हा स्टँप सरकारी. हा शिक्का नोटरीचा. ह्या पाच पंचांच्या सह्या. आता आजून काय पायजे?"

"कोर्टाचा हुकूम पाहिजे," ती म्हणाली. "शिक्का एवढंच सांगतो की सही करणारी माणसं समोर होती. लग्न मोडायचा अधिकार शिक्क्याला नाही, पंचांनाही नाही. तुमची मुलगी आजही त्या माणसाची कायदेशीर बायको आहे. आणि मुलीच्या ताब्याचं म्हणाल, तर लेकरू असं कागदावर लिहून देता येत नाही. कोर्ट लेकराचं हित बघतं. लेकराची पोटगीही आईबापांना अशी माफ करता येत नाही."

माझ्या डोक्यात एकदम एक जुना ड्रायव्हर आला. मी एकदा न बघता त्याच्या चलनावर सही मारली होती आणि मागं जाऊन ताडपत्री वर केली तर गाडी रिकामी. मी त्याला गेटबाहेर हाकलला होता. इथं मला कोण हाकलणार?

मुलीनं विचारलं, "म्हणजे मॅडम, मला कधीही जाता आलं असतं? लेकीला बघायला?"

"कधीही. दुसऱ्या दिवशीसुद्धा इथं अर्ज करता आला असता."

मुलगी माझ्याकडे बघेल म्हणून मी मान खाली घातली. पण तिनं बघितलं नाही. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. "तीन वर्षं," एवढंच म्हणाली. कुणाला उद्देशून नाही. कागदात जोर नव्हता. तिला तीन वर्षं दाराबाहेर ठेवलं ते मी, माझ्या तोंडाच्या बोलानं.

वकीलबाईनं अर्ज लिहून घेतला. घटस्फोट, लेकीचा ताबा, दोघींची पोटगी, सगळं. मग म्हणाली, "ते लोक एकच म्हणणार. आईनं राजीखुशीनं मूल दिलं, तीन वर्षं ढुंकून पाहिलं नाही. ह्याला उत्तर एकच आहे, बाबा. त्या दिवशी काय झालं ते तुम्ही शपथेवर सांगायचं."

"म्या?"

"तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

मी फोल्डर उचलला आणि बाहेर आलो. परतीच्या गाडीत तो मांडीवर उभा धरला नाही.

त्या संध्याकाळी माझा सोबती मुकादम आला. त्याला कुठून तरी कळलं होतंच. "राव, तुमी कोर्टात हुबं राहून म्हणनार, मी चुकलो? मग आमी पंच कोण, गाढवं? उद्या त्या सातजणी यायच्या तुमच्या दारात. सांगा, तब्येत बरी न्हाई. म्हाताऱ्या माणसाला कोर्ट बी काय म्हणत न्हाई."

तारखा पडत गेल्या. माझ्या साक्षीची तारीख आली, त्या सकाळी मी अंथरुणातच पडून राहिलो. "बीपी वाढलंय," म्हणालो. बीपीला काही झालं नव्हतं. मुलगी कपाळावर हात ठेवून बघेल, मशीन आणा म्हणेल, मी मनात सगळी तयारी केली होती. ती दारातून बघून गेली.

सत्तरी उलटलेला माणूस पांघरूण डोक्यावरून घेऊन पोटदुखीचं सोंग करणाऱ्या पोरासारखा पडला होता. हे लिहिताना पण कान तापतात.

दुपारी ती परत आली आणि स्वयंपाकघरात आईशी बोलायला लागली. मधली भिंत पातळ आहे. तिनं सांगितलं, साक्षीदार नाही म्हणून पुढची तारीख दिली, पण कोर्टानं त्या लोकांना पोरीला घेऊन यायला लावलं होतं म्हणून अर्धा तास भेट झाली. पोर सात वर्षांची झालीय. जवळ यायला लाजली. मग आली. बोटांना लसणाचा वास येत होता. खानावळीचा लसूण तीच सोलते, म्हणाली, शाळेतून आल्यावर.

"आणि आई, ती मला काय म्हणाली? 'तू सही करून मला देऊन टाकलं ना? आजी म्हणते.'"

"मग तू काय म्हणलीस?"

"काय म्हणू? आजोबांनी केलं म्हणू? तिला एक आजोबा तरी राहू दे चांगला."

मग माझी बायको माझ्या खोलीच्या दारात आली. पन्नास वर्षं ती मला उलट बोलली नव्हती.

"ऐकलं का?" ती म्हणाली. "का बीपीनं कान बी गेले? झोपा आता. उठू नका. उठलात तर माणसात यावं लागंल."

पुढच्या तारखेला मी मुलीच्या आधी अंगणात तयार होऊन उभा होतो. मुलगी बाहेर आली, मला बघितलं आणि म्हणाली, "चपला घाला तरी." मी अनवाणीच निघालो होतो.

कोर्टात वकीलबाईनं आधी माझं म्हणणं लिहून घेतलं, शपथेवर सही घेतली आणि दाखल केलं. आता दुसऱ्या बाजूच्या वकिलानं प्रश्न विचारायचे होते. माणूस मुरलेला. गोड बोलायचा.

"मुकादमसाहेब, तुमची मुलगी शिकलेली आहे?"

"बारावी."

"म्हणजे वाचता येतं. कागद वाचूनच सही केली असेल?"

"वाचत हुती. म्या वाचू दिला न्हाई."

"सही तिचीच ना? तिचा हात तर कोणी धरला नव्हता?"

"हात न्हाई धरला. बोट ठिवलं हुतं."

"म्हणजे?"

मी न्यायाधीशबाईंना म्हणालो, "बाईसाहेब, तो कागद जरा द्या माझ्याकडं." त्यांनी मान हलवली. शिपायानं कागद माझ्यासमोर धरला. मी सहीच्या जागेवर उजव्या हाताचं बोट ठेवलं. सही माझ्या बोटाच्या ह्या कडेला येऊन थांबत होती, वर चढत होती, नखाला वळसा घालून पलीकडे उतरत होती. बोट नेमकं बसलं. न्यायाधीशबाई पुढं वाकून बघत होत्या. टायपिंग करणाऱ्याचा हात थांबला.

"लिहून घ्या," त्या त्याला म्हणाल्या.

वकील गडबडला नाही. त्यानं दुसऱ्या बाजूनं यायचं ठरवलं. "असे किती कागद केलेत तुम्ही?"

"हा धरून आठ."

"त्यातली एक तरी बाई तक्रार घेऊन आली?"

"न्हाई."

"म्हणजे सगळ्या राजीखुशीनं गेल्या. तुमची मुलगीही तशीच."

इथं मला गप्प बसता आलं असतं. हो म्हणालो असतो तर सातांचा प्रश्नच उरला नसता. मागच्या बाकावर माझा सोबती येऊन बसला होता, तो माझ्याकडे रोखून बघत होता.

"त्या येतील कशा, साहेब?" मी म्हणालो. "म्याच त्यांना सांगितलं हुतं, आता काय करता येत न्हाई. माझ्या लेकीला बी तेच सांगितलं. ती पोर टाकून बसली न्हाई. म्या बसवली."

हे बोलताना माझा आवाज चिरकला. वीस वर्षं गोडाऊनच्या ह्या टोकाहून त्या टोकाला पोचणारा आवाज. मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून खाली उतरलो तेव्हा सोबती बाकावर नव्हता. नंतरही तो माझ्याकडे आला नाही.

बाहेर व्हरांड्यात विहीणबाई नातीचा हात धरून उभ्या होत्या. मी सरळ तिथं गेलो. गुडघे वाकत नाहीत, तरी भिंतीला धरून खाली बसलो.

"मी तुझा आजोबा. महाळुंग्याचा."

"माहितीये," ती म्हणाली.

"तुझ्या आईनं तुला कुणाला दिलं न्हाई. ती सही म्या करून घेतली. हितं बोट ठिवून."

"चला, पुरे झालं," विहीणबाई म्हणाल्या. पण पोर हलली नाही.

"कोणतं बोट?"

मी दाखवलं. तिनं ते दोन्ही हातांत धरलं, उलटं करून बघितलं, नख बघितलं. तिच्या हातांना लसणाचा वास होता.

"ह्याला तर काहीच झालं नाही," ती म्हणाली.



दुपारनंतर हुकूम झाला. खटला संपेपर्यंत दर शुक्रवारी शाळा सुटली की पोर आईकडे, रविवारी संध्याकाळी परत. पोटगीचं पुढच्या तारखेला. वकीलबाई म्हणाली, ही सुरुवात आहे, पूर्ण ताब्यासाठी अजून झगडावं लागेल. मुलीनं हुकमाची ओळ दोनदा वाचली, मग तिसऱ्यांदा बोट फिरवून वाचली. ह्या वेळी कुणी तिला घाई केली नाही.

परतीच्या गाडीत ती माझ्या शेजारी बसली. मला वाटलं आता काहीतरी बोलेल, झालं गेलं विसरा म्हणेल. मी वाट बघत होतो, एवढा निलाजरेपणा माझ्यात अजून होता. चाकण जवळ आल्यावर ती म्हणाली, "अण्णा, त्या सातजणींना कोण सांगणार?"

घरी आल्यावर तिनं माळ्यावरचे ते बूट काढले, पुसले, हातात घेऊन त्यांची लांबी बघितली आणि शेजारच्या भाडेकरणीच्या पोरीला देऊन टाकले.

मी ट्रंक उघडली. सात झेरॉक्स बाहेर काढल्या आणि चष्मा लावून पहिल्यांदाच पूर्ण वाचल्या. चौथी शिकलेल्याला त्या भाषेत वेळ लागतो. सातांपैकी पाचांत एक ओळ तीच होती, ताबा राजीखुशीने वडिलांकडे. टायपिंगवाल्यानं माझ्या सांगण्यावरून तीच ओळ पुनःपुन्हा मारली होती. नावं वाचली तसे चेहरे आठवले. कोण रडली होती, कोण गप्प होती, कुणी चहा घेतला नव्हता. दोन सह्या वाकड्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यात वरचा कागद घडी करून खिशात घातला आणि चालत निघालो. ती बाई आमच्याच गावात, कंपनीच्या गेटसमोर भाजीची गाडी लावते. माझ्याच टोळीतल्या गड्याची बायको. तिचा मुलगा बापाकडे गेला तेव्हा पाच वर्षांचा होता, आता त्याला मिसरूड फुटलं असेल. पहिली शिफ्ट आत गेली होती आणि रात्रपाळी सुटून बाहेर येत होती, गाडीभोवती गिऱ्हाईक होतं. तिनं मला लांबूनच ओळखलं.

"काय मुकादम, आज भाजी तुमच्याकडं का?"

मी टोपी काढून हातात घेतली. "पोरी, तुझ्याकडं एक कागद हाय. म्या केलेला. त्याला काय जोर न्हाई. तवाबी नव्हता."

ती एका बाईला भेंडी तोलून देत होती. तिचा हात काट्यावर तसाच राहिला. माझ्याकडे बघितलं, टोपीकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं.

"थांबा तिथं," ती म्हणाली. "एवढं गिऱ्हाईक होऊ द्या."

मी थांबलो.